एक-चौदाच्या उताऱ्यावरचा वारसा

१२ ऑगस्ट १९७३ रोजी दयानंद बांदोडकर हृदयविकाराने गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या थोरल्या कन्येने गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. शशिकला काकोडकर तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. घरात सुतक होतं आणि बाहेर राज्य चालवायचं होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घराणी’ हा विषय दिला, तेव्हा बारामती, लोणी, अकलूज, सांगली ही नावं आधी पुढे आली. ती वाचकांना पाठ आहेत. मी पणजी सुचवली. एक तर शशिकला काकोडकर या गोव्याला आजवर मिळालेल्या एकमेव महिला मुख्यमंत्री. शिवाय त्यांच्या कारकिर्दीत वारशाचे दोन अर्थ इतके स्वच्छ वेगळे झालेले दिसतात की, तसं उदाहरण आपल्याकडे शोधून सापडत नाही. बापाकडून आलेला पक्ष त्यांच्या हातून निसटला. बापाने अर्धवट सोडलेलं काम मात्र त्यांनी कायद्याच्या पुस्तकात पक्कं करून ठेवलं. मुख्यमंत्रिपदाची सहा वर्षंही पुरी न मिळालेल्या या बाईंनी गोव्याच्या जमिनीवर जे लिहिलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही. पुरं वाचलंही गेलेलं नाही.

म्हणून मी समाध्या आणि पुतळे पाहण्यात फार वेळ घालवला नाही. मामलेदार कचेरीत आणि खाजनाच्या बांधावर गेलो.

खाणमालकाचा पक्ष, कुळांची मतं

डिसेंबर १९६३. पोर्तुगीज जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गोव्यात पहिल्यांदा विधानसभेची निवडणूक होत होती. दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांचा अंदाज एकच होता, काँग्रेस येणार. प्रत्यक्षात गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. जी एक मिळाली ती दमणची. सत्तेवर आला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, लोकांच्या तोंडी ‘मगो’. निशाणी सिंह. नेता एक खाणमालक, दयानंद बांदोडकर.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मगो म्हटलं की विलीनीकरण आठवतं. गोवा महाराष्ट्रात यावा ही त्या पक्षाची जाहीर मागणी होतीच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने ती ३४ हजारांच्या फरकाने नाकारली. आणि तरीही, अवघ्या काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. इथे थांबून विचार करायला हवा. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या लोकांना बांदोडकर हवे होते, याचा अर्थ मगोच्या मतांचं मूळ महाराष्ट्राच्या नकाशात नव्हतंच. ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात होतं.

गोव्याचा बहुजन समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबत आणि राहत होता. शेत कसणारा तो कूळ. भाटकाराच्या माडा-पोफळीच्या भाटात, त्याच्या परवानगीने झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराला भाडं नव्हतं, पण मोकळीकही नव्हती. माडांची राखण करायची, भाटकाराच्या घरी सणासुदीला आणि लग्नकार्याला राबायचं, बोलावलं की जायचं. छप्पर शाकारायचं तरी विचारून. मातीच्या भिंती पाडून चिऱ्याच्या बांधायच्या म्हटलं तर बहुधा नकार, कारण पक्कं घर म्हणजे पक्का हक्क. माणूस कमावता झाला तरी घर कच्चंच राहायचं.

भाऊसाहेबांचं, म्हणजे बांदोडकरांचं, सरकार आलं आणि १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. खंडाला मर्यादा आली, उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक घ्यायचा नाही. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९७१ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. बापाचं काम इथवर आलं होतं. कुळाला कोणी लुबाडू नये आणि मुंडकाराला कोणी काढू नये, एवढी हमी मिळाली. जमीन मात्र अजून भाटकाराचीच होती.

बारा मार्च

शशिकलाताई राजकारणात अचानक ढकलल्या गेल्या असं म्हणता येणार नाही. धारवाडला शिकलेल्या, १९६७ मध्ये आमदार झालेल्या, १९७२ नंतर वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री. पण त्या कोणाच्या मुलगी म्हणून तिथवर पोहोचल्या हे नाकारण्यातही अर्थ नाही. भाऊसाहेबांच्या पश्चात पक्षात वयाने आणि अनुभवाने मोठे पुरुष होते. १९७० मध्ये याच पक्षातल्या काही आमदारांनी खुद्द भाऊसाहेबांविरुद्ध बंड केलं होतं. असा पक्ष एकत्र ठेवायचा तर बांदोडकर हे रक्ताचं नाव हवं, हा त्या वेळचा व्यवहार होता आणि ताईंना पद मिळालं ते त्या व्यवहारातून.

पद मिळाल्यावर त्यांनी काय केलं, हा खरा प्रश्न. त्यांनी १९७५ चा मुंडकार कायदा आणला. पूर्वीच्या कायद्याने नुसतं राहण्याचं संरक्षण दिलं होतं; या कायद्याने घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायत भागात ३०० चौरस मीटर, पालिका भागात २०० चौरस मीटर, ही त्या हक्काची ओळखीची मापं. भाटकाराने विकायला राजी व्हावं अशी अट नाही. मामलेदार चौकशी करील, किंमत ठरवील, मुंडकार पैसे भरील आणि जागा त्याच्या नावावर होईल.

कायदा लागू झाला तो १२ मार्च १९७६ पासून. १२ मार्च हा भाऊसाहेबांचा जन्मदिवस. आजही मुंडकाराच्या प्रत्येक दाव्यात पहिला प्रश्न हाच असतो: १२ मार्च १९७६ रोजी तू या घरात राहत होतास का? लेकीने बापाचं स्मारक असं बांधलं की, ते कचेरीच्या कागदात रोज उच्चारलं जातं.

त्याच वर्षी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. तिने २० एप्रिल १९७६ हा कसणाऱ्याचा दिवस ठरवला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याने ती मालकाकडून विकत घेतली असं मानलं जाईल, असं म्हटलं. महाराष्ट्रातल्या जुन्या वाचकांना यात १ एप्रिल १९५७ चा आपला कृषक दिन ओळखू येईल. बापाने म्हटलं होतं, यांना हात लावू नका. लेकीने म्हटलं, यांचं नाव लावा. हे पुढचं पाऊल अवघड होतं, कारण ‘हात लावू नका’ म्हटल्याने मालक चिडतो, पण मालक राहतो.

भाटकार कोर्टात गेले. त्यात हिंदू होते तसे ख्रिस्ती होते, देवस्थानं होती आणि गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी, म्हणजे कोमुनिदादीही होत्या. दुरुस्तीला आव्हान मिळालं आणि पुढची कित्येक वर्षं कूळ मालक झाला की नाही हे कुळालाच खात्रीने सांगता येईना.

म्हापसा, मामलेदार कचेरी

सुनावणीच्या दिवशी म्हापशाला मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहावं. माणसं हातात प्लास्टिकची फाइल घेऊन बसलेली असतात. वकील येतात, पुकारा होतो, बऱ्याचदा पुढची तारीख मिळते. साठी-सत्तरीतल्या एका गृहस्थांनी मला त्यांची फाइल उलगडून दाखवली. वर पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या. त्याखाली रेशनकार्ड, विजेची बिलं, मतदारयादीतल्या नावाची प्रत, वडिलांच्या मृत्यूचा दाखला. एका लिफाफ्यात जुन्या घराचा काळा-पांढरा फोटो, मातीच्या भिंती, पुढे तुळस. आणि सगळ्यात तळाशी, मऊ पडलेला, घडीवर फाटू लागलेला एक-चौदाचा उतारा.

आपल्याकडे सातबारा तसा गोव्यात एक-चौदा. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, मग कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना. मुंडकाराचं घर दाखवायचं ते या इतर हक्कांत. सत्तरच्या दशकात गोव्याची नव्याने मोजणी झाली तेव्हा हे रकाने भरले गेले. ज्याचं नाव तेव्हा चढलं त्याचं काम सोपं झालं. ज्याचं राहिलं त्याची पिढी कचेरीत गेली. मोजणीचा माणूस गावात आला की उतरायचा कुठे, चहा कोणाकडे घ्यायचा आणि माहिती कोणाला विचारायचा, हे गावात ज्याला त्याला ठाऊक होतं. या गृहस्थांच्या उताऱ्यावर इतर हक्कांचा रकाना रिकामा आहे.

रिकामा रकाना भरण्याची रीत अशी. आधी अर्ज करून आपण मुंडकार आहोत हे ठरवून घ्यायचं आणि मुंडकारांच्या नोंदवहीत नाव आणायचं. मग जागा विकत घेण्याचा दुसरा अर्ज. मधे पाहणी, पंचनामा, नकाशा, शेजाऱ्यांच्या साक्षी. भाटकार म्हणणार, हा मुंडकार नव्हे, भाडेकरू होता. किंवा घरगडी होता, म्हणून ठेवला होता. भाडं देणारा आणि घरगडी या कायद्यात बसत नाहीत, त्यामुळे सगळी लढाई इथेच होते. भाडं दिलं नाही हे सिद्ध करायचं कसं? न दिलेल्या पैशांची पावती कोणाकडे असते?

त्यातून भाटकार एकटा नसतो. गोव्यात पोर्तुगीजांचा दिवाणी कायदा अजून चालतो. त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक आणि मुलांचा हिस्सा राखीव. म्हणजे एका भाटाला तीन पिढ्यांत वीस-पंचवीस वारस, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, कोणी कॅनडात. प्रत्येकाला नोटीस पोचायला हवी. एक वारस मधेच वारला की त्याचे वारस आणा. तोवर इकडचा साक्षीदार वारतो. दाव्याच्या कागदावर ‘मयत, वारस खालीलप्रमाणे’ ही ओळ इतक्या वेळा येते की, खरा पक्षकार कोण होता हे शोधायला मागे उलटत जावं लागतं.

अलीकडे भाटच विकलं जातं. जुना भाटकार निदान ओळखीचा होता, त्याच्या आजीला या घरची आजी माहीत होती. आता समोर दिल्ली-मुंबईची कंपनी येते, तिला मुंडकार म्हणजे प्रकल्पाच्या मधे आलेलं एक घर. काही मुंडकार पैसे घेऊन उठतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. चाळीस वर्षं तारखा खाल्लेल्या माणसाला एकरकमी पैसे दिसले तर तो काय करील?

कायदा वाईट नव्हता. तो ज्या यंत्रणेच्या हाती दिला, तिला वेळेचं बंधन नव्हतं. मामलेदाराच्या डोक्यावर निवडणूक, आपत्ती, दाखले, बंदोबस्त हे सगळं असतं आणि उरलेल्या दुपारी मुंडकार. ताईंनंतर आलेल्या प्रत्येक सरकारने मुंडकारांच्या मतांवर हक्क सांगितला. पण दावे ठरावीक मुदतीत निकाली काढणारी व्यवस्था त्यांपैकी एकानेही उभी केली नाही. उलट २०१४ मध्ये कुळांचे खटले मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे नेणारी आणि दाव्यांना मुदत घालणारी दुरुस्ती झाली. त्यावर गावागावांत असा असंतोष उसळला की, सरकारला ती पुढे मागे घ्यावी लागली. चाळीस वर्षांपूर्वीचा कायदा लोकांना किती आपला वाटतो, ते त्या वेळी दिसलं.

दिवाडीची खाजनं

जुन्या गोव्याहून फेरीबोट मांडवी ओलांडून दिवाडीला उतरवते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतं, शतकानुशतकांची. बांधाला जागोजाग मानस असते, पाणी आत-बाहेर सोडणारं दार. मी बसून एक मानस बराच वेळ पाहिली. भरती चढू लागली तसा पाण्याच्या रेट्याने लाकडी दारांचा जोड आपोआप मिटला; ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला बाहेर ढकलून उघडतं. ना खटका, ना यंत्र. ओहोटीच्या वेळी तोंडाला जाळं लावतात आणि आतली मासळी धरतात. त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो.

या व्यवस्थेचा धनी पूर्वी गाव होतं. कोमुनिदाद शेतं पावणीला, म्हणजे लिलावाने कसायला द्यायची आणि येणाऱ्या पैशातून बांध दुरुस्त करायची. बांध फुटला की सगळं गाव माती टाकायला जायचं, कारण एकाचा बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात. या व्यवस्थेत अन्याय होता. कोमुनिदादीचे गांवकार ठरावीक घराण्यांचे आणि चिखलात राबणारे दुसरेच. पण बांध उभा होता.

कुळं मालक झाली आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली. कागदावर हे रास्तच होतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी संघ म्हणजे चार माणसं आणि मानशीचा लिलाव एवढंच उरलं. लिलावातून पैसा मासळीचा येतो, भाताचा नाही. मग कोणीतरी मानस भलत्या वेळी उघडी ठेवतो, शेतात खारं पाणी येतं, मासळी वाढते आणि भात जातं. कोरगुट हे खारं सोसणारं जुनं भात. पण सतत पाण्यात उभं राहणं त्यालाही झेपत नाही. दोन-चार वर्षं शेत पड राहिलं की खारफुटी उगवते आणि खारफुटी तोडायला कायदा मनाई करतो. शेत कायमचं गेलं.

गोव्यातले काही अभ्यासक आणि कोमुनिदादींचे जुने गांवकार याचा सगळा दोष १९७६ च्या दुरुस्तीवर टाकतात. मला ते अर्धं पटतं. मालकी वाटून दिली आणि सामाईक काम मात्र कोणाच्या गळ्यात घट्ट बांधलं नाही, ही त्या कायद्यातली खरी उणीव. बांध हा एकट्या मालकाचा असूच शकत नाही आणि हे मुंबई-पुण्यापेक्षा गोव्यात अधिक कळायला हवं होतं. पण शेत पड राहायला दुसरंही कारण आहे. कुळाचा मुलगा शिकला. बोटीवर गेला, आखातात गेला, सरकारी नोकरीत लागला. भाऊसाहेबांच्या शाळेत शिकलेल्या आणि ताईंच्या कायद्याने घर पक्कं झालेल्या माणसाने पुन्हा चिखलात उतरावं, ही अपेक्षा त्याच्याकडून कोणी आणि कशासाठी करायची? बांध पडले ते दोन्ही मिळून.

१९९१ मध्ये आणखी एक कायदा झाला, कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही असा. किनारपट्टीवर जमिनीचे भाव ज्या गतीने चढले ते पाहता, आज गोव्यात जी हिरवी शेतं उरली आहेत त्यांतली बरीच या निर्बंधामुळे उरली आहेत, असं माझं मत झालं आहे.

आदिलशहाच्या वाड्यात

त्या काळी विधानसभा भरायची पणजीला मांडवीच्या काठावर, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. सचिवालयही तिथेच. १९७७ मध्ये देशभर काँग्रेस पडत होती आणि इंदिरा गांधींविरुद्ध लाट होती. गोव्यात ताईंनी मगोला तिसाच्या सभागृहात पंधरा जागा मिळवून दिल्या आणि सरकार पुन्हा बनवलं. ही निवडणूक त्यांची स्वतःची होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, सहानुभूतीचा काळ सरला होता.

पण तिसात पंधरा म्हणजे काठावरचा कारभार. त्यात रस्त्यावर एकामागून एक आंदोलनं. यांत्रिक ट्रॉलरांना सरकारी मदत मिळत होती आणि किनाऱ्यालगत रांपण, म्हणजे मोठं जाळं, ओढणारे रांपणकार उपाशी मरत होते. मातानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर आले. विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली आणि ते आंदोलन चिघळत गेलं. या दोन्ही वेळी ताईंचं सरकार ताठर राहिलं. मला ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक वाटते. ज्या सरकारने कुळाच्या बाजूने भाटकाराला दुखावलं, त्याच सरकारने रांपणकाराच्या बाबतीत ट्रॉलरमालकाची बाजू घेतली आहे असं किनाऱ्याला वाटलं. मासेमारीचं नियमन करणारा कायदा पुढे १९८० मध्ये झाला, तेव्हा त्या सत्तेत नव्हत्या.

एप्रिल १९७९ मध्ये त्यांच्याच बाकांवरचे आमदार फुटले. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सहा वर्षं होती. बाक बदललं की आमदारकी तशीच राहायची. सरकार कोसळलं आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोचे सात आमदार उरले. मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे, एकेकाळी बांदोडकरांच्याच मंत्रिमंडळात बसलेले. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचा पुढचा दीर्घ काळ तिथून सुरू झाला.

यानंतरचं दशक भराभर सांगावं असंच आहे. ताई काही सहकाऱ्यांसह काँग्रेसमध्ये गेल्या. मगो काँग्रेसमध्ये विलीन करण्याचा प्रयत्न झाला. रमाकांत खलपांनी आणि मूठभर निष्ठावंतांनी सिंह जिवंत ठेवला. काँग्रेसमध्ये ताईंचं मन रमलं नाही. त्यांनी वडिलांच्या नावाने ‘भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष’ काढला, तो १९८४ च्या निवडणुकीत चालला नाही आणि त्या मगोत परतल्या. भाऊसाहेबांचं नाव पक्षाच्या पाटीवर घातलं तरी मतं मिळाली नाहीत. लोकांनी बांदोडकर हे नाव मनात ठेवलं होतं. त्या नावावरचा कोणाचा मालकीहक्क मात्र मान्य केला नाही. घराण्यांच्या राजकारणाबद्दल लिहिताना हा निकाल विसरू नये.

शाळेची भाषा

१९९० मध्ये त्या पुन्हा मंत्री झाल्या, काँग्रेसमधून फुटलेला गट आणि मगो यांच्या आघाडी सरकारात. खातं शिक्षण. त्या सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते मातृभाषेतून, म्हणजे मराठी-कोंकणीतून शिकवलं तरच. चर्चच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी माध्यम घेतलं, तेही देवनागरीतून. मराठीवादी पक्षाच्या मंत्र्याच्या सहीने कोंकणी प्राथमिक शाळेला एवढं बळ मिळालं, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला माहीत नाही.

त्यामागचं वजन कळायला थोडं मागे जावं लागतं. त्या मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला वापराचा हक्क मिळाला. या सगळ्या काळात गावं दुभंगली, दंगली झाल्या, माणसं मेली. ताई मराठीच्या बाजूला होत्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. तरी मुलाने पहिली चार वर्षं घरच्या भाषेत शिकावं, या मुद्द्यावर त्यांनी भाषांतला वाद बाजूला ठेवला.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई त्यात पुढे होत्या. त्याच मंचावर उदय भेंब्रे होते, ज्यांच्या ‘राष्ट्रमत’मधल्या ‘ब्रह्मास्त्र’ सदराने जनमत कौलाच्या दिवसांत भाऊसाहेबांना सळो की पळो केलं होतं. दोघांनी एका व्यासपीठावर बसणं गोव्याच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या घटनांपैकी एक मानतो मी. सत्तापालट होऊन मनोहर पर्रीकर आले, तरी अनुदान चालूच राहिलं. आंदोलन हरलं. गावोगावच्या मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडत गेल्या, त्यांत भाऊसाहेबांनी उघडलेल्याही आल्या.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन धनत्रयोदशीला, शशिकलाताई गेल्या. वय एक्याऐंशी.

चाळीसांत तिघी

२०२२ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत चाळीस आमदारांत तीन स्त्रिया निवडून आल्या. देविया राणे, डिलायला लोबो, जेनिफर मोन्सेरात. तिघींचेही पती त्याच निवडणुकीत आमदार झाले. मगोच्या दोन जागा आल्या आणि पक्ष भाजपच्या सरकारात सामील झाला. पक्षाची सूत्रं आता ढवळीकर बंधूंकडे आहेत.

या तिघींच्या कर्तृत्वाबद्दल निवाडा द्यायला मी बसलेलो नाही. पण ताईंशी तुलना सुचल्याशिवाय राहत नाही. १९७३ मध्ये एक बाई घराण्याच्या दारातून आत आली आणि तिच्या पाठोपाठ, ज्यांना घराणंच नव्हतं अशांना तिने उताऱ्यावर जागा दिली. आज घराण्याचं दार तेवढंच उरलं आहे. आत आल्यावर दुसऱ्याला जागा करून द्यायची गोष्ट कोणी काढत नाही. राजकीय घराणी वाईटच, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. कोणाची मुलगी म्हणून पद मिळालं, हे एका ओळीत सांगून संपतं. त्या पदाचा उपयोग कोणासाठी झाला, हे तपासायला कचेरीत जाऊन उतारे काढावे लागतात. त्या कसोटीवर शशिकला काकोडकर उतरतात, कायद्यातल्या उणिवा आणि रांपणकारांवर झालेला अन्याय जमेस धरूनही. महाराष्ट्रातल्या किती घराण्यांच्या दुसऱ्या पिढीला ही कसोटी लावता येईल, ते वाचकांनीच आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावं.

गोव्यातल्या वाचकांना मात्र एक विनंती आहे. तुमचं किंवा तुमच्या नात्यातल्या कोणाचं घर भाटात असेल, तर एक-चौदाचा उतारा काढा आणि इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते पाहा. नाव नसेल तर या दिवाळीनंतर मामलेदारांकडे अर्ज करा. १२ मार्च १९७६ रोजी तुम्ही त्या घरात होता हे शपथेवर सांगू शकतील असे शेजारी आता सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या साक्षी आधी नोंदवून घ्या.